हौशी लोकांच्या स्वप्नांतला मासा

प्रत्येक छंदाच्या मुळाशीं एक अपुरी इच्छा असते. टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्याच्या मनांत एखादें दुर्मिळ तिकीट घर करून बसलेलें असतें. बागेच्या शोकिनाला आपल्या अंगणांत न रुजणाऱ्या एखाद्या गुलाबाचा ध्यास लागलेला असतो. कांचेच्या पेटींत मासे पाळणारे हौशी लोक या नियमाला अपवाद नाहींत. पहिल्या वर्षीं गप्पी आणि मोली यांवर त्यांचें समाधान होतें. दुसऱ्या वर्षीं एंजल मासा घरांत येतो. आणि त्यानंतर एखादा असा मासा मनांत पोहूं लागतो कीं, जो जवळच्या दुकानांत मिळत नाहीं, मिळाला तर परवडत नाहीं, आणि परवडला तर जगत नाहीं. कोणाला ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील डिस्कस हवा असतो, तर कोणाला बोर्निओ बेटावरील तांबडा अरोवाना. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप, अमेरिका आणि जपान येथील हौशी लोकांच्या मनांत असाच एक नवा मासा भरला. तो सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओढ्यांतून तिकडे गेला होता. माणसाच्या आवडीमुळें एखाद्या मुक्या प्राण्यावर काय प्रसंग येतो, हें त्याच्या हकीकतींत फार स्पष्ट दिसतें.

या माशाला व्यापारी लोक ‘मिस् केरळ’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याचें नांव डेनिसन बार्ब असें आहे. त्याची लांबी चार ते सहा इंच, आणि शरीर चातीप्रमाणें दोन्ही टोकांना निमुळतें असतें. अंगाचा रंग रुपेरी. तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ सरळ गेलेली असते, आणि तिच्या वरच्या अंगाला दुसरी लालभडक रेघ नाकाडापासून निघून डोळ्यांतून जात जात पाठीवरील पराच्या खालपर्यंत पोंचते. त्या पराची कडाहि लाल असते. शेपटीच्या दोन्ही टोकांशीं काळा आणि पिवळा रंग शेजारीं शेजारीं बसलेले असतात. एकटा मासा सुंदर दिसतोच. परंतु त्याची खरी शोभा दहाबाराजणांचा थवा एका दिशेनें जाऊन एकदम वळतो तेव्हां दिसते. थव्यानें राहण्यांत त्याचें संरक्षणहि आहे. सारखेच पट्टे असलेले अनेक मासे एकत्र हलूं लागले म्हणजे शत्रूला त्यांतला एक नेमका हेरणें कठीण जातें.

फ्रान्सिस डे नांवाचा एक इंग्रज डॉक्टर मद्रासच्या सैन्यांत नोकरीस होता. रोग्यांपेक्षां माशांकडे त्याचें लक्ष अधिक असावें, असें वाटण्याइतकें त्याचें या विषयांतलें काम मोठें आहे. पुढें तो हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचा मुख्य अधिकारी झाला, आणि हिंदी माशांवरील त्याचा ग्रंथ आजहि अभ्यासक उघडून पाहतात. त्रावणकोरच्या डोंगरांत मुंडकयम् येथें मिळालेल्या या माशाचें शास्त्रीय वर्णन त्यानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचें नांव त्याला दिलें. ओढ्याकांठच्या लोकांना मात्र गव्हर्नरसाहेबांची आठवण ठेवण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं त्याला ‘चोरक्कण्णी’ म्हटलें. मलयाळम् भाषेंत ‘चोर’ म्हणजे रक्त आणि ‘कण्ण्’ म्हणजे डोळा. ज्याच्या डोळ्यांतून रक्ताची धार गेली आहे असा तो मासा. त्या लाल रेघेचें याहून नेमकें वर्णन करणें कठीण आहे.

डे साहेबाच्या वर्णनानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें हा मासा पुस्तकांत आणि ओढ्यांत स्वस्थ होता. १९९७ सालीं सिंगापूर येथें शोभेच्या माशांचें जें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, त्यांत नव्या जातींच्या विभागांत त्याला तिसरें बक्षीस मिळालें. तेथून त्याचें नशीब पालटलें. परदेशांतल्या हौशी लोकांनीं त्याचीं चित्रें पाहिलीं, व्यापाऱ्यांकडे मागणी नोंदविली, आणि केरळांतील नद्यांच्या कांठीं मासे धरणाऱ्यांकडे दलालांच्या खेपा सुरू झाल्या. ओढ्यावर ज्याला थोडे पैसे मिळत, त्याच माशाची किंमत दलाल, निर्यातदार, विमानाचें भाडें आणि परदेशांतील दुकानदार इतक्या पायऱ्या चढून गेल्यावर अनेक पटींनीं वाढलेली असे. मागणी मात्र कमी झाली नाहीं. महाग आणि दुर्मिळ म्हटलें कीं हौशी माणसाची ओढ वाढते, हा अनुभव जुनाच आहे.

ही ओढ भागविण्याची शक्ति त्या ओढ्यांत किती होती, हा खरा प्रश्न आहे. हा मासा फक्त केरळ आणि दक्षिण कर्नाटक येथील, सह्याद्रींतून निघून पश्चिम समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत सांपडतो. चंद्रगिरी, वळपट्टणम्, चालियार, पंपा, अचन्कोविल हीं त्यांतलीं कांहीं नांवें. त्या नद्यांतहि तो सगळीकडे नसतो; खडकाळ तळ, स्वच्छ आणि खळाळतें पाणी, कांठावर झाडांची सावली, अशा ठिकाणींच तो राहतो. शिवाय नंतरच्या आनुवंशिक अभ्यासांत असें आढळलें कीं, निरनिराळ्या नद्यांतील या माशांचे वंश दीर्घ काळ एकमेकांपासून तुटलेले आहेत. म्हणजे एका नदींतला साठा संपला तर दुसऱ्या नदींतले मासे आणून सोडल्यानें तो वंश परत येत नाहीं. मादीच्या गाभोळींत अंडीं साधारणपणें पावणेचारशें ते अकराशें निघतात. रोहू-कटल्यासारख्या माशांचीं अंडीं लाखांनीं मोजतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही संख्या किती लहान आहे तें कळतें. आणि जो थवा शत्रूपासून माशाचें रक्षण करतो, तोच जाळ्यासमोर त्याचा घात करतो. कारण एका फेकींत सबंध कुटुंब हातीं लागतें.

२००५ ते २०१२ या आठ वर्षांत भारतांतून परदेशीं गेलेल्या शोभेच्या माशांच्या निर्यातीचा अभ्यासकांनीं हिशेब केला. धोक्यांत असलेल्या ३० जातींचे निदान १५ लक्ष गोड्या पाण्यांतले मासे या काळांत बाहेर गेले, असें त्यांना आढळलें. या निर्यातींत मोठा वाटा तिघांचा होता: एक हा लाल रेघेचा बार्ब आणि त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, दुसरा केरळांतला एक चिमुकला फुगा मासा, आणि तिसरा बोटिया नांवाचा पट्टेदार मासा. हा बोटिया कृष्णेच्या वरच्या खोऱ्यांतला, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या डोंगरांतला रहिवासी आहे. तेव्हां ही गोष्ट एकट्या केरळची आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

सरकारनें डोळे मिटले होते असेंहि नाहीं. केरळच्या मत्स्यखात्यानें २००८ सालीं हा मासा धरण्यावर निर्बंध घातले, आणि जून, जुलै व ऑक्टोबर हे तीन महिने बंदीचे ठरविले. हेतु चांगला होता. आपल्याकडील नद्यांतल्या पुष्कळ माशांची वीण पावसाळ्यांत होते, हेंहि खरें आहे. परंतु चंद्रगिरी, वळपट्टणम् आणि चालियार या तीन नद्यांतल्या माशांची प्रत्यक्ष तपासणी होऊन २०११ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावरून असें ठरलें कीं, या माशाच्या विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत असतो. म्हणजे कायद्यानें ज्या तीन महिन्यांवर पहारा बसविला, त्यांतले दोन विणीचे नव्हतेच. आणि ज्या सहा महिन्यांत माद्यांच्या पोटांत अंडीं असत, त्यांतले पांच महिने जाळीं मोकळीं होतीं. ज्याचें रक्षण करावयाचें त्याची दिनचर्या ठाऊक नसली तर पहारेकरी कसा चुकीच्या दाराशीं उभा राहतो, याचें हें उदाहरण आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या २०१० सालच्या पाहणींत हा मासा संकटग्रस्त ठरला. त्याचा सगळा दोष हौशी लोकांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. धरणें, वाळूचा उपसा, मळ्यांतून वाहून येणारीं औषधें, पाण्यांत सुरुंग उडवून किंवा विष कालवून केलेली मासेमारी, हीं संकटें सह्याद्रींतील बहुतेक नद्यांवर आलेलीं आहेत. परंतु ज्या घराची भिंत आधींच खचली आहे, त्या घरांतून रोज एक वासा काढून नेणाऱ्याला आपला हात निर्दोष म्हणतां येत नाहीं.

२०१३ सालीं या माशाच्या नांवांतहि एक बदल झाला. राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याचे नीलेश डहाणूकर या चार शास्त्रज्ञांनीं तो आणि त्याचा भाऊबंद यांची एक स्वतंत्र प्रजाति मानली, आणि तिला ‘सह्याद्रिया’ असें नांव दिलें. म्हणून त्याचें आजचें पूर्ण शास्त्रीय नांव ‘सह्याद्रिया डेनिसोनी’ असें आहे. आडनांव गव्हर्नरसाहेबांचें राहिलें; परंतु कुळाच्या जागीं त्याच्या डोंगराचें नांव आलें. हा मासा सह्याद्रीखेरीज पृथ्वीवर कोठेंहि निसर्गतः नाहीं, ही गोष्ट आतां त्याच्या नांवांतच लिहिलेली आहे.

तर मग ज्यांना हा मासा पाळावयाचा आहे, त्यांनीं काय करावें? यावर एक उत्तर निघालें तें पैदाशीचें. कोचीजवळ पनंगाड येथील मत्स्य महाविद्यालयांत या माशाची कृत्रिम पैदास साधण्यांत आली. आग्नेय आशियांतील मत्स्यशेतांतहि संप्रेरकांचीं इंजेक्शनें देऊन त्याचीं पिलें मोठ्या प्रमाणावर काढूं लागले. शेतांतला मासा विकत घेतला म्हणजे तेवढ्यापुरता ओढ्यावरचा भार हलका होतो, हें उघड आहे.

परंतु या उत्तराला दुसरी बाजू आहे. ब्राझिलांत रिओ नेग्रो नदीच्या कांठीं बार्सेलोस म्हणून गांव आहे. तेथील अनेक कुटुंबें कार्डिनल टेट्रा नांवाचा इवलासा रंगीत मासा धरून उपजीविका करीत. नदी आणि जंगल शाबूत राहण्यांत त्यांचें हित होतें, आणि त्या माशाची संख्या इतकी अमाप कीं धरल्यानें ती घटत नसे. शेतांत तयार झालेला टेट्रा बाजारांत आल्यावर त्यांचा धंदा बसूं लागला, आणि नदी जपण्याचें एक कारणहि त्याबरोबर दुबळें झालें. लाल रेघेच्या माशाची स्थिति टेट्रासारखी नाहीं. तो थोडा आहे, सावकाश वाढतो, आणि त्याला वाटेल तितका धरणें परवडणारें नाहीं. तथापि पैदास सिंगापूरकडे आणि नफाहि तिकडेच, असें झालें तर केरळांतल्या ओढ्याकांठच्या माणसाला त्या माशाविषयीं आस्था कां वाटावी, हा प्रश्न उरतोच. पैदासीच्या धंद्यांत त्याच नदीकांठच्या लोकांना वाटा मिळणें, आणि विणीच्या खऱ्या हंगामांत ओढे बंद राहणें, या दोन गोष्टी बरोबर झाल्या तरच त्या उत्तराला पूर्णता येईल.

घरीं हा मासा ठेवावयाचा झाल्यास त्याच्या ओढ्याची आठवण सोडून चालत नाहीं. तो थव्यानें राहणारा आहे. म्हणून निदान सहा मासे हवेत, आणि त्यांना धांवावयास निदान चार फूट लांबीची पेटी हवी. तो उडी मारणारा असल्यानें झांकण हवें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. पाणी जितकें तापतें तितका त्यांतला प्राणवायु कमी होतो: २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहूं शकतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसातच. खळाळत्या थंड पाण्याला सरावलेल्या या माशाला मुंबईच्या उन्हाळ्यांत लहानशा पेटींत ठेवणें म्हणजे त्याला हळूहळू गुदमरविणें होय. पाणी वाहतें ठेवणारें यंत्र, थंडावा आणि वेळोवेळीं केलेला पाण्याचा बदल यांची सोय नसेल, तर या माशाला घरीं न आणणें हाच त्याच्यावरील प्रेमाचा खरा पुरावा ठरेल.

आणि ही सर्व तयारी झाल्यावर दुकानांत जाणाऱ्यानें किंमत विचारण्याआधीं एक प्रश्न विचारावा: हा मासा शेतांतला कीं नदींतला? दुकानदाराला उत्तर देतां आलें नाहीं तर रिकाम्या हातानें परत फिरावें. गिऱ्हाइकांकडून हा प्रश्न वारंवार येऊं लागला, तर दलालालाहि त्याचें उत्तर शोधावें लागेल. पेटींतली जागा कांहीं दिवस रिकामी राहिली तरी बिघडत नाहीं. पंपेच्या किंवा चालियारच्या एखाद्या ओढ्यांत, खडकाच्या आडोशाला, डोळ्यांतून लाल रेघ गेलेला तो थवा प्रवाहाकडे तोंड करून उभा आहे, एवढें त्या हौशी माणसाला ठाऊक असलें म्हणजे पुष्कळ आहे.