पद्मिनी, आठशे आणि कृष्णेचे खोरे

जुनी मोटार घेऊ पाहणारा गृहस्थ सामान्यतः नोंदणीपुस्तकातील साल प्रथम वाचतो. परंतु सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांत, जेथे एकीकडे घाट आणि दुसरीकडे महापूर गाडीची झीज आपापल्या रीतीने ठरवितात, तेथे ती गाडी कोणत्या गावी राबली याची चौकशी सालाआधी करावी, असे माझे मत आहे.

दोन युगांच्या प्रतिनिधी म्हणून येथे फियाट, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, आणि मारुती ८०० यांचीच जोडी समोर येते. सांगलीच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांचे नाव मिरविते, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटालियन फियाट ११०० वरून घडलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टेअरिंगखालीच गिअरचा दांडा आणि मागच्या चाकांना गती, असा तिचा थाट. १४ डिसेंबर १९८३ रोजी जिची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, ती मारुती मात्र ७९६ सीसीची, तीन सिलिंडरांची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी.

वाईहून पाचगणीस चढणाऱ्या पसरणी घाटात या दोघींतील भेदाचा प्रत्यय येतो. पद्मिनीचा पंखा पट्ट्याने इंजिनाशी बांधलेला असल्यामुळे वेग मंदावला की वाराही मंदावतो, पाणी उकळते, पेट्रोलची नळीत वाफ होते आणि गाडी निमूट उभी राहते; मग इंजिनाच्या पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळून दहा मिनिटे निसर्गशोभा पाहण्यावाचून गत्यंतर नसे. मारुतीचा विजेचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांची वाट पाहत नाही. तरीही साताऱ्याकडील कोणतीही गाडी घेताना क्लच आणि ब्रेक यांवर खर्च धरूनच किंमत ठरवावी.

सांगलीची गोष्ट निराळी. आयर्विन पुलाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की शहराचा जीव टांगणीला लागतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत तर पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यात बुडालेली पद्मिनी तेल बदलून, पॉइंट घासून जाणता मिस्त्री पुन्हा सुरू करू शकतो, कारण तिच्यात विजेची गुंतागुंत थोडी. परंतु खालचा पत्रा सडू लागतो आणि त्यावर भरलेली लांबी व ताजा रंग गिऱ्हाइकाची दिशाभूल करतात. उत्तरकालीन मारुतीत इंधनावर इलेक्ट्रॉनिक पेटीचा अंमल असल्याने दोष लगोलग दिसत नाही, आणि महिन्यांनंतर कोणत्या जोडात गंज उमटेल याचा भरवसा नसतो. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून टोकाशी गाळाची रेघ आहे काय, हे पाहावे. पायाखालचे कापड उचलू न देणाऱ्या विक्रेत्याकडून उठून यावे.

दस्तऐवजांत मालकाचे नाव, चासी क्रमांक, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आणि नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत उलटून गेली असल्यास नूतनीकरण, एवढे तपासले की पुरे.

माझ्या पैशाने घ्यायची झाल्यास मी मारुती साताऱ्याची घेईन, क्लचचा खर्च सोसून. आणि पद्मिनी सांगलीची, पण नदीपासून दूरच्या गल्लीतली, आणि तीही मिस्त्रीला सोबत नेऊन, तिच्या पत्र्यावर हातोडीची मूठ ठोकून पाहिल्यावरच.