बुवांचा श्रावणी सोमवार

पहाटे ५.१५
चौल. रात्रभर कोसळून पाऊस आता थांबलाय. वाडीत पोफळींवरून नुसतं पाणी गळतंय. भजनीबुवा उठले की आधी कपाट उघडतात. आत तीन बाजाच्या पेट्या आणि चाळीस वॅटचा एक बल्ब. पावसाळाभर हा बल्ब रात्रंदिवस चालू असतो. बिल वाढतं, पण तो विझला की खारी, दमट हवा पेटीत शिरते. पितळी सुरांवर कळंक चढतो, चामडं फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. आपली पेटी काढून बुवा खर्ज लावतात. पाऊण तास. चहा त्यानंतर.

सकाळी ७.००
रामेश्वराचं देऊळ. पुष्करणी काठोकाठ भरलेली. सभामंडपात भजन बसतंय. पखवाजवाला डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा मारतो. दमट हवेत वाद्या सैल पडतात, म्हणून हातोडीने गट्टे ठोकतो. दहा मिनिटं यातच जातात. कुणाला घाई नाही.

बुवांच्या पिशवीत टाळांच्या दोन जोड्या जास्तीच्या असतात. दर्शनाला आलेला एक रिक्षावाला खांबाला टेकून ऐकत उभा आहे. गाता गाताच बुवांनी एक जोडी त्याच्याकडे सरकवली. तो लाजला, मग बसला. पहिल्या अभंगाला चुकला, गजराला बरोबर आला. मला या माणसाचं सगळ्यात मोठं कसब हेच वाटतं. त्यांच्या भजनात नुसता ऐकणारा फार वेळ टिकत नाही.

बिदागी नाही. नारळ आणि प्रसाद.

९.४५
पडवीत दुरुस्ती. नागावहून एक जुनी पेटी आली आहे, मालकाच्या आजोबांची. वीस वर्षं माळ्यावर होती. एक रिसॉर्टवाला ती शोभेला मागत होता. मालकाने आधी बुवांना दाखवली.

झाकण उघडलं तर आत झुरळांची अंडी आणि हिरवा कळंक. भात्याची घडी दोन ठिकाणी फाटलेली. बुवा एकेक सूर काढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतात. मग सुराच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवून बारीक कानस फिरवतात. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एकदा जास्त घासलं की तो सूर हातचा गेला. मोबाइलमध्ये ट्यूनर आहे, पण बुवा आधी कानाने लावतात, मग मोबाइलला विचारतात.

एकोणचाळीस पट्ट्या, दोन ओळी सूर. दुपारपर्यंत अकरा पट्ट्यांचं काम झालं. चामडं, फेविकॉल, भात्याचं कापड मिळून साडेसातशेचा माल. मजुरी अठराशे सांगितली आहे. पेटी मंडळाला वापरायला दिलीत तर मजुरी माफ, असंही सांगितलं आहे.

१९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. ती पुढे सुमारे तीस वर्षं राहिली. गावात पेटी बंद पडली ती फक्त भाता फाटला तेव्हा.

दुपारी १.१५
सोमवारचा उपास. वरीचा भात, दाण्याची आमटी. बिरडं संध्याकाळी, उपास सोडताना. अर्धा तास पाठ टेकतात.

२.४५
वही. गणपती आठ-दहा दिवसांवर आलेत. पाच दिवसांत आठ सुपाऱ्या. एका सुपारीचे चार हजार. टेम्पोचे सहाशे गेले. पखवाजवाल्याला आठशे, बुवांना आठशे, पाच टाळकऱ्यांना तीनशे-तीनशे. उरलेले तीनशे मंडळाच्या डब्यात. त्या डब्यातूनच पखवाजाची पुडी बदलायची, टाळांचे गोंडे आणायचे.

पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना सरकारचं महिना ५,००० रुपये मानधन आहे. बुवा चोपन्न वर्षांचे आहेत. अर्ज भरलाय. पोचपावती वहीतच चिकटवलेली आहे.

५.००
शाळेचा व्हरांडा. अकरा मुलं, दोन पेट्या. ज्यांची पाळी नाही त्यांनी टाळ धरायचा, ताल सोडायचा नाही. फी महिना दोनशे. चार मुलं बोटीवर जाणाऱ्यांच्या घरांतली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांच्याकडे फी मागायची नाही हा बुवांचा नियम. नारळी पौर्णिमेनंतर बोटी लागल्या की आया स्वतः आणून देतात. एका घरातून आज फीसोबत सोड्यांची पुडी आली.

एका मुलीच्या वडिलांना गांधर्वची परीक्षा हवी आहे. बुवा परीक्षेला बसवतात, अलंकारही घोटून घेतात. पण गणपतीच्या आरतीला पेटी धरता आली पाहिजे, हे आधी.

रात्री ८.३०
रेवदंडा, कोळीवाड्याची समाजखोली. महिला मंडळाची तालीम सोमवारीच असते. श्रावणी सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून बायका मोकळ्या. चोवीस जणी. दोघी अलिबागहून एसटीने आल्यात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर एकही तालीम चुकली नाही म्हणतात.

“आयलो बुवा, आता चाय झाल्याबिगर गाणार नाय!”

“चहा गौळणीनंतर, काकू.”

पट्टी पांढरी पाच धरली. मासळीबाजारात ओरडून बसलेल्या आवाजांना ती चढी पडते. बुवांनी काही न बोलता पांढरी चार केली. पुढच्या रांगेतली एक मावशी शब्द विसरते. बुवांनी तिला टाळाऐवजी वही धरायला दिली नाही, शेजारणीला जरा मोठ्याने म्हणायला सांगितलं. गौळण तीनदा झाली. चौथ्यांदा खोली भरून आवाज आला आणि दारात उभी असलेली पोरं गप्प झाली.

चहाला अनुदानाची गोष्ट निघाली. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी सरकारने १,८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले होते. या मंडळाचं नाव त्यात नव्हतं. “पुढच्या येळेला कागद आधी जमवू,” असं सेक्रेटरीबाईंनी ठरवून टाकलं.

माणशी दहा रुपये जमले. दोनशे चाळीस. स्कूटरचं पेट्रोल शंभरचं.

११.१०
बुवा घरी. पेटी कपाटात, बल्ब चालू. नागावच्या मालकाचा निरोप आलाय : पेटी रिसॉर्टला देत नाही, कोळीवाड्यातल्या बायकांना वाजवू द्या. उद्या सकाळी बाराव्या पट्टीपासून काम.

तुमच्या माळ्यावर आजोबांची पेटी पडून असेल तर ती भंगारात किंवा शोभेला देण्याआधी जवळच्या भजनी मंडळाला विचारा. दुरुस्तीला दोन-अडीच हजार लागतात. नवी घ्यायची म्हटली तर मंडळाची पाच-सहा वर्षं जातात.