तोरण्याचे धुके आणि पडद्यावरचे ठिपके

समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंचीचा तोरणा आणि त्याच्या शेजारचा राजगड हे दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्यात, म्हणजे आता राजगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात येतात. पावसाळ्यात त्यांच्यावर उतरणारे धुके, तिरपा झोडपणारा पाऊस आणि वाऱ्यावर सळसळणारे गवत घरच्या पडद्यावर जसेच्या तसे दाखवणे हे चित्रतंत्रापुढील अवघड कामांपैकी एक आहे. स्वच्छ उन्हातला बुरूज कोणत्याही माध्यमावर बरा दिसतो. ब्लू-रे डिस्क, स्ट्रीमिंग आणि जुनी सीडी यांच्यातील खरा फरक कळतो तो धुक्यात.

डिजिटल चित्र पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि चित्रपटात अशी २४ चित्रे, म्हणजे फ्रेम, दर सेकंदाला पुढे सरकतात. १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके असलेले, ‘फुल एचडी’ म्हणून ओळखले जाणारे चित्र न आवळता साठवायचे ठरवले, तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट माहिती लागते. एवढी माहिती घरापर्यंत पोहोचवणे व्यवहार्य नसल्यामुळे ती आवळावी लागते आणि या आवळण्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण नोंदली जाते आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच टिपले जाते. दर सेकंदाला खर्च होणाऱ्या माहितीच्या या मापाला बिटरेट म्हणतात. खोक्यावर किंवा ॲपवर छापलेला १०८० हा आकडा ठिपके किती ते सांगतो. त्या ठिपक्यांत माहिती किती भरली आहे हे बिटरेट सांगतो, आणि चित्राची प्रत पुष्कळदा या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

आता धुक्याचा विचार करावा. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगघटकाला फार तर २५६ छटा मिळतात. करड्यातून पांढऱ्यात हळूहळू विरत जाणाऱ्या धुक्याला त्यांतल्या अगदी शेजारशेजारच्या छटा लागतात, आणि कॉम्प्रेशन नेमक्या त्याच छटा एकमेकींत मिसळून टाकते, कारण तेथील तपशील त्याला क्षुल्लक वाटतो. परिणामी बुरुजामागचे आकाश विरत न जाता, नकाशावरील समोच्च रेषांप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागते. पावसाची अडचण याच्या उलट असते. प्रत्येक फ्रेममध्ये थेंब नव्या जागी असल्यामुळे आधीच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही, सगळेच ‘बदललेले’ ठरते आणि ठरलेला बिटरेट अपुरा पडला की चित्रात चौकोन पडू लागतात किंवा गवताचा हिरवा लगदा होतो. अंधाऱ्या दृश्यांचेही असेच होते. भोरच्या राजवाड्यात अनेक चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे; अशा वास्तूतल्या सोप्यातील सावलीत उभ्या लाकडी खांबाचे कोरीवकाम आधी पुसले जाते, कारण अंधाऱ्या भागावर माहिती खर्च करताना कॉम्प्रेशन हात आखडता घेते.

महाराष्ट्रातल्या घरांनी यातली सर्वांत कमी प्रतीची चित्रे सर्वाधिक काळ पाहिली. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ कॅसेट पसरली. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावत असे आणि प्रत्येक नकलेसोबत तोही घटत जाई. त्यानंतर आलेल्या व्हीसीडीचे, म्हणजे ज्याला सर्वजण नुसते ‘सीडी’ म्हणत त्या चकतीचे, चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे होते. तिचा चित्रासाठीचा बिटरेट सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट असे आणि एका चकतीवर साधारण ७४ मिनिटेच मावत असल्यामुळे चित्रपट दोन किंवा तीन सीडींचा होई. १९९६ साली प्रथम जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीने ठिपक्यांची संख्या चौपट केली. भारतात मात्र दोन्ही प्रकार बरीच वर्षे शेजारीशेजारी विकले जात होते. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली, तेव्हा सहा रुपयांच्या अंतरात चौपट चित्र मिळत होते. तरीही ज्याच्या घरी सीडी प्लेअरच होता, त्याला स्वस्त चकतीच घ्यावी लागे. त्या किमतींमुळे मराठी चित्रपट गावोगावच्या घरांत पोहोचले, हे त्या अंधूक चित्राचे मोठेच श्रेय आहे.

ब्लू-रे डिस्क २००६ साली आली. डीव्हीडी वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर वापरला जातो, तर ब्लू-रेमध्ये ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. तरंगलांबी आखूड असल्याने त्याचा ठिपका अधिक बारीक पडतो, नोंदी अधिक दाट बसतात आणि तेवढ्याच आकाराच्या दुपदरी चकतीवर ८.५ऐवजी ५० गिगाबाइट मावतात. त्यामुळे ब्लू-रेचे चित्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरू शकते आणि ध्वनीही काही न गाळता ठेवता येतो, ज्याचा फायदा डफ-तुणतुण्यावरच्या पोवाड्याला किंवा संबळाच्या कडकडाटाला लगेच जाणवतो. याच्या तुलनेत नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते. म्हणजे ६०० मेगाबिटांचे मूळ चित्र डिस्कवर साधारण २० पट आवळलेले असते, तर स्ट्रीमिंगमध्ये ते १२० पट किंवा त्याहूनही अधिक आवळले जाते. दोन्हींवर १०८० हाच आकडा लिहिलेला असतो.

स्ट्रीमिंगच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. आवळण्याच्या पद्धती दर पिढीत सुधारत गेल्या आहेत, त्यामुळे आजचे ५ मेगाबिट डीव्हीडीच्या काळातल्या ५ मेगाबिटांपेक्षा कितीतरी अधिक काम करतात आणि चांगल्या जोडणीवरील एचडी स्ट्रीमिंग डीव्हीडीला सहज मागे टाकते. स्ट्रीमिंगचा कच्चा दुवा वेगळाच आहे. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा निरनिराळ्या बिटरेटला तयार ठेवलेला असतो आणि जोडणीचा वेग पाहून उपकरण त्या त्या क्षणी झेपेल तो तुकडा मागवते. डोंगर आडवा आला की मोबाइलचे सिग्नल क्षीण होतात. तेव्हा खोऱ्यातल्या गावात चित्रपट थांबत नाही, पण त्याची प्रत मुकाट्याने खालच्या पायरीवर उतरते. प्रेक्षकाला वाटते की चित्रीकरणच असे झाले असावे. डिस्कवर जे नोंदले आहे तेच दरवेळी दिसते, आणि वितरणाचा करार संपला म्हणून ती कपाटातून नाहीशी होत नाही.

मात्र प्रत्येक घराला ब्लू-रे हवीच असे नाही. निकोप डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. त्या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवरचे फुल एचडी ठिपके सुमारे चार फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत आणि दहा फुटांवरून पाहणाऱ्याला चांगली डीव्हीडीही जवळजवळ तेवढीच रेखीव वाटते. ५५ इंची पडद्यावर हीच मर्यादा सुमारे सात फुटांवर जाते. तेथे डीव्हीडीची उणीव दहा फुटांवरून स्पष्ट दिसते, पण त्याच अंतरावरून फोर-के चित्रातल्या जास्तीच्या ठिपक्यांचा लाभ फारसा होत नाही. धुक्यातले पट्टे आणि पावसातले चौकोन मात्र ठिपक्यांहून कितीतरी मोठे असल्यामुळे दूरवरूनही खटकतात. म्हणून ग्राहकाने ठिपक्यांपेक्षा बिटरेटची चौकशी आधी करावी.

या सगळ्याच्या मुळाशी मूळ प्रतीचा प्रश्न आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. २००३च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला आणि त्यातल्या चित्रपटांसाठी तुलनेचा प्रश्नच उरला नाही. १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट पुन्हा पाहता आला, तो बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रतीवरून झालेल्या डिजिटल पुनर्स्थापनेमुळे. झिजलेल्या कॅसेटवरून काढलेले चित्र ताणून ब्लू-रेवर चढवले तरी त्यात नवा तपशील येत नाही; उलट मूळ फिल्मवरून नीट उतरवलेले चित्र डीव्हीडीवरही देखणे दिसते.

हाच नियम घरातल्या लग्नाच्या आणि जत्रेच्या जुन्या कॅसेटना लागू आहे. त्यांचे डिजिटल रूपांतर करताना ठिपके कमी आहेत म्हणून बिटरेटही कमी ठेवण्याची प्रथा चुकीची आहे, कारण जुन्या फितीवरची खरखर पावसासारखीच दर फ्रेमला बदलते आणि कॉम्प्रेशनचे बळ तिच्यातच संपून जाते, मग चेहऱ्यांना काही उरत नाही. अशी फाइल डीव्हीडीइतक्या किंवा त्याहून अधिक बिटरेटने काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी तिची लहान नक्कल निराळी करावी.