कोरड्या रानाचा आठवडा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक प्रवास आता जवळजवळ रीतीसारखा झाला आहे. लास व्हेगासला उतरायचे, भाड्याची गाडी घ्यायची आणि आठवडाभरात झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅनियन ही राष्ट्रीय उद्याने पाहून परतायचे. मुलांकडे गेलेले जळगाव-धुळ्याचे आईवडीलही या गाडीत बसतात आणि मैलोन्‌मैल उघडा खडक, खुरटी झुडपे, कोरडी पात्रे डोळे भरून पाहतात. इथे पाहण्यासारखे काय आहे, असे तिथे कोणी विचारत नाही. कोरडेपणा हाच तिथला देखावा असतो. खानदेशात मात्र घरी पाहुणा आला की त्याला अजिंठ्याला नेऊन आणले जाते आणि पुढे म्हटले जाते की आमच्याकडे उन्हाशिवाय आहे काय. त्या बोलण्यात विनय थोडा आणि गैरसमज जास्त आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतली राने सलग आठवडाभर, रस्त्याने आणि त्यांच्या कोरड्या दिवसांतच पाहावीत, असे माझे म्हणणे आहे. एकेक अभयारण्य सुटे पाहिले तर ते किरकोळ वाटते. सातपुडा, तापी आणि अजिंठ्याची रांग एका दमात ओलांडली, तर इथल्या माणसाचे पाणी, पीक आणि जंगल यांची गाठ कुठे बसली आहे ते समजते.

आधी एक कबुली द्यायला हवी. खानदेश वाळवंट नाही. आर्चेसच्या भागात वर्षाला दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येऊन जातो आणि उरलेले आठ महिने जमीन त्या पाण्यावर तग धरते. धुळे तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. म्हणून इथले रान मार्चपर्यंत पाने टाकून देते आणि डोंगरांची हाडे दिसू लागतात. धुळ्याच्या आसपास महामार्गावरून सरळ रेषेत धावणाऱ्या, भिंतीसारख्या काळ्या टेकड्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांत भरला आणि तिथेच घट्ट झाला, त्या भेगा म्हणजे या भिंती. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास झालेला आहे. आर्चेसमधल्या लाल कमानी वाऱ्या-पाण्याने कोरल्या हे आपण तिथल्या फलकावर वाचतो. लळिंगच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या या भिंतींपाशी एकही फलक नाही, म्हणून त्या आपल्याला नुसत्या टेकड्या वाटतात. आकाराचीही लाज बाळगायचे कारण नाही. आर्चेस सुमारे 310 चौरस किलोमीटरचे आहे. चाळीसगाव आणि कन्नडमध्ये पसरलेले, 1986 साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 260 चौरस किलोमीटरचे.

आठवड्यातले निम्मे दिवस ज्या रस्त्याला द्यावेत, तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर असा तो सातपुड्याच्या पायथ्याने जातो. उजवीकडे डोंगर, डावीकडे तापीचे काळे खोरे आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात नजर पोहोचेल तिथवर केळी. परक्या माणसाला हे कोडे वाटायला हवे. ज्या मुलखात भुसावळचा पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो, तिथे इतके पाणी पिणारे पीक उभे कसे राहते? उत्तर डोंगराच्या पायथ्याशी पुरलेले आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी हजारो वर्षे तिथे गोटे, वाळू आणि भरड गाळ आणून टाकला. या पट्ट्याला बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी त्यात चटकन मुरते आणि खाली साठते. रावेर-यावलची केळी या साठ्यावर वाढली, आणि उपसा भरीपेक्षा वाढत गेल्याने विहिरी व कूपनलिकाही खोल जात राहिल्या. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनातल्या भूगोलाचा एक मोठा हिस्सा केळीच्या बागेत नसून वर डोंगरात आहे. उतारावर झाड आणि गवत असेल तर पाणी सावकाश उतरते, मुरायला वेळ मिळतो. उतार बोडका झाला की तेच पाणी माती घेऊन दोन तासांत तापीला मिळते.

म्हणून फैजपूरला केळी पाहून लगेच वर पालला जावे. रावेर तालुक्यातले हे ठिकाण यावल अभयारण्याचे दार आहे. अभयारण्य 1969 चे, क्षेत्र सुमारे 175 चौरस किलोमीटर. पालजवळून वाहणारी सुकी नदी नावाप्रमाणे बराच काळ सुकीच असते, आणि तिच्या काठावर उभे राहिले की खालची केळी आणि वरचे रान ही एकाच पाण्याची दोन टोके आहेत हे पटायला नकाशा लागत नाही. इथली झाडे नीट पाहण्याचा काळ पानगळीचाच. सागाचा पाचोळा पायाखाली कडकड वाजतो, सालईची साल कागदासारखी सुटते, कांडोळाचे पांढरे खोड दुरून अंगावर शहारा आणते आणि नाल्याकाठी पळस पेटलेला असतो. पण खानदेशाचे खरे झाड अंजन. जिथे मुरूम आणि दगडाखेरीज काही नाही तिथे ते उभे राहते, कारण त्याचे रोप आधी मुळांकडे लक्ष देते. वर वीतभर दिसणाऱ्या रोपाचे सोटमूळ कितीतरी खोल गेलेले असते. एप्रिलच्या तोंडावर, सगळे रान करपलेले असताना, अंजनाला तांबूस कोवळी पालवी फुटते. हिरव्यागार पावसाळ्यात आलेल्या पर्यटकाला हे काहीच दिसत नाही. तो धबधबा पाहून जातो.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढे फिरून वाघ दिसणार नसेल तर जायचे कशाला? ताडोबाच्या सवयीतून आलेला हा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर एक वीतभर पक्षी देतो. रानपिंगळा ही घुबडाची जात 1870 च्या दशकात शास्त्राला माहीत झाली. इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने 1880 च्या दशकात खानदेशातून तिचे नमुने गोळा केले आणि 1884 नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्यंतरी रिचर्ड माइनरत्झागेन या इंग्रज संग्राहकाने आपण 1914 साली गुजरातेत एक नमुना मिळवल्याचे नोंदवले होते. त्या नोंदीच्या भरवशावर शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. पुढे पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने दाखवून दिले की तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून, नवे लेबल लावून ठेवलेला होता. खोटी नोंद बाजूला सारल्यावर खऱ्या जागा उरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा दिसला, तोही दिवसाउजेडी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी वेगळा झाला. 113 वर्षे हरवलेला मानला गेलेला पक्षी दिवसा शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो आणि भरपूर ओरडतो. तो लपलेला नव्हता. त्याच्या विरळ, कोरड्या सागवनात पाहण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटत नव्हते. पुढे यावलच्या रानातही तो आढळला. जे रान एका अख्ख्या जातीला शतकभर सांभाळून ठेवते, त्याला वाघाच्या तिकिटावर मोजणे मला चूक वाटते.

शिवाय वाघ इथे नाहीच, असेही नाही. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुक्ताईनगर तालुक्यात, चारठाणा आणि डोलारखेड्याच्या परिसरात वाघांचा वावर आहे, आणि पूर्णेकाठच्या केळीच्या बागांत त्यांच्या वास्तव्याच्या नोंदी झाल्या आहेत. उंच, दाट, थंड सावलीची बाग वाघाला रानासारखीच वाटली, तर त्यात नवल नाही. हे रान मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहे. ते पूर्वेला अंबाबरवा आणि मेळघाटाशी, पश्चिमेला यावलशी आणि तिथून शिरपूर तालुक्यातल्या 83 चौरस किलोमीटरच्या अनेर धरण अभयारण्याशी जोडणारा सातपुड्याचा पट्टा ही वन्यप्राण्यांची वाट आहे; ती जागोजागी तुटत चालली आहे. दक्षिणेकडचे उदाहरण तर थक्क करणारे. मार्च 2021 मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आला होता. गौताळ्यात कित्येक दशकांनी वाघ दिसला. रस्ते, रेल्वे, शेते आणि गावे ओलांडत आलेल्या त्या जनावराला अभयारण्यांच्या हद्दी ठाऊक नव्हत्या. त्याने ओढे, झुडपी राने आणि पडीक जमिनी जोडून आपली वाट केली. सात दिवस गाडीने फिरणाऱ्यालाही ही वाट थोडीफार दिसते: कुठे ती रुंद आहे, कुठे सूतभर उरली आहे आणि कुठे चौपदरी रस्त्याने कापली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गाड्या नेल्या तर जे उरले आहे तेही जाईल. अमेरिकेचा अनुभव या भीतीला दुजोरा देतो. गाड्यांची गर्दी वाढल्यावर झायनच्या मुख्य दरीत 2000 सालापासून हंगामात खासगी गाड्या बंद करून बस सुरू करावी लागली. आर्चेसमध्ये 2022 पासून काही वर्षे वेळ ठरवून प्रवेश द्यावा लागला. पण यातून निघणारा धडा प्रवास थांबवण्याचा नाही. खानदेशाची सोय अशी की मुख्य रस्ते रानाच्या कडेने जातात. गाडी चोपड्याला, शिरपूरला, चाळीसगावला ठेवून आत गावातल्या जीपने किंवा पायी जाता येते, वाटाड्या तिथल्याच पाड्यावरचा घेता येतो. आतापासून असा पायंडा पडला तर पुढे बंदीचे फलक लावायची पाळी येणार नाही. आणि न पाहिलेले रान आपोआप सुरक्षित राहते, ही समजूत यावलनेच खोटी ठरवली आहे. गेल्या काही दशकांत तिथे मोठ्या प्रमाणावर तोड आणि अतिक्रमण झाले, त्या वेळी पर्यटकांची गर्दी नव्हती.

अतिक्रमण हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. भिल्ल, पावरा, तडवी ही माणसे या डोंगरांत अभयारण्याच्या आधीपासून आहेत. गौताळ्याच्या नावातला औट्रम म्हणजे 1825 मध्ये भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम. ज्या घाटातून आपण आज कन्नडला चढतो, त्याचे नाव या माणसांवर बसवलेल्या अमलाची खूण आहे. ग्रँड कॅनियनची गोष्टही वेगळी नाही. हावासुपाई लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन काढून घेतली गेली, 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि सुमारे 75 हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळायला 1975 उजाडले. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने चूक दुरुस्त करायची वाट दिली. माणसे राहिली तर जंगल राहणार नाही असे म्हणणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला द्यावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथला डोंगर उघडा पडला होता आणि पाण्यासाठी बायांना लांब जावे लागे. गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने नियम केले, तोड करणाऱ्याला दंड बसवला, राखणीच्या पाळ्या लावल्या. आज चारशेहून अधिक हेक्टर रान उभे आहे, विहिरींना पाणी आहे आणि 2004 पासून दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. तिथल्या बाया ज्या रानभाज्या ओळखून, निवडून, शिजवून मांडतात, ते जंगलाचे ज्ञान कोणत्याही माहितीकेंद्रात मिळत नाही. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली.

राहतो तो उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात हा प्रवास करू नये हे खरे, पण फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम. हतनूरच्या जलाशयावर तेव्हा काही चक्रवाक अजून असतात आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ दुपारीही सुसह्य असते. होळीच्या आधीचा आठवडा साधला तर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, डाळ्या-गुळाची खरेदी आणि डोंगरातून उतरलेले पावरा कुटुंबांचे थवे पाहता येतात. सुरुवात मुक्ताईनगरला करावी, पायथ्याच्या रस्त्याने पश्चिमेला जावे, अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर विसावा घ्यावा, अनेर पाहून धुळे, मग साक्री, आणि शेवटी दक्षिणेला चाळीसगाव. वनविश्रामगृहाची परवानगी आधी काढावी लागते, पाणी बरोबर ठेवावे लागते आणि सोयींची अपेक्षा बेताची ठेवावी लागते. सोयी नाहीत हा आक्षेप मला मान्य आहे. निवास, स्वच्छतागृहे आणि चांगले नकाशे शासनाने द्यायलाच हवेत.

शेवटचा दिवस पाटणादेवीचा. डोंगरांच्या अर्धवर्तुळात चंडिकेचे यादवकालीन देऊळ आहे, आणि इथल्याच पाटण गावी 1207 चा तो शिलालेख सापडला ज्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. वरच्या कड्यात पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी आणि गणितज्ञांनी राहायला, शिकवायला हे कोरडे डोंगर निवडले, कारण कड्याच्या पोटात पाणी होते आणि भोवती रान होते. मार्चमध्ये धवलतीर्थाचा धबधबा आटलेला असतो. खालच्या कातळावर पाण्याने वर्षानुवर्षे घासून केलेले गुळगुळीत खळगे तेव्हा उघडे पडतात आणि एखाद्या खळग्यात शिल्लक राहिलेल्या ओंजळभर पाण्याशी रानातल्या पाखरांची रांग लागलेली असते.