देव बारमध्ये शिरतो तेव्हा

एचबीओची नऊ भागांची ‘वॉचमेन’ (२०१९) ही अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७च्या कॉमिकच्या पुढची गोष्ट. आठवा भाग ८ डिसेंबरला आला. दिग्दर्शन निकोल कॅसेल यांचं. (पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

सायगाव, २००९. या जगात व्हिएतनाम युद्ध अमेरिकेने जिंकलंय. त्या विजयाचा सण. लोक निळे मुखवटे घालून हिंडताहेत. त्यामुळे देवासारख्या शक्तीचा, निळा, खराखुरा डॉक्टर मॅनहॅटन बारमध्ये नायिका अँजेलाच्या (रेजिना किंग) टेबलापाशी येऊन बसला, तरी कुणी ढुंकून बघत नाही. कॅमेराही त्याचा चेहरा टाळतो. दिसतात निळे हात, पाठ. बाकी सगळं आवाजावर. नायकाला असं झाकून ठेवायला धाडस लागतं.

खरी गंमत काळाची. मॅनहॅटनला भूत-भविष्य एकाच वेळी दिसतं. २०१९मधली अँजेला त्याच्यामार्फत २००९मधल्या आपल्या आजोबांना विचारते, पोलीसप्रमुख क्रॉफर्डच्या कपाटात कू क्लक्स क्लॅनचा झगा आहे हे तुम्हाला कसं कळलं? आजोबा चक्रावतात : कोण क्रॉफर्ड? म्हणजे नाव तिनेच पुरवलं, आणि पहिल्या भागातल्या क्रॉफर्डच्या खुनाचं बीजही. तिचा उतरलेला चेहरा बघाच.

शेवटचा गोळीबार मात्र नेहमीच्या पठडीतला. याह्या अब्दुल-मतीन यांना मॅनहॅटनच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं एमी मिळालं, ते रास्तच.