लॅपटॉप घेताना पैसे कुठे घालावेत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक घरांत लॅपटॉप घेण्याची चर्चा सुरू होते. दुकानात किंवा ऑनलाइन सेलच्या पानावर सगळ्यात आधी नजरेत भरतं ते प्रोसेसरचं नाव: आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन, रायझन-फाइव्ह. नावातला आकडा जितका मोठा तितकं यंत्र चांगलं, असा हिशेब ग्राहक मनाशी मांडतो आणि मग बजेटची सगळी ओढाताण त्या एका आकड्याभोवती होते. हा हिशेब चुकीच्या जागी सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपमधले काही भाग नंतर वाढवता किंवा बदलता येतात आणि काही भाग यंत्र भंगारात जाईपर्यंत आहेत तसेच राहतात. घराला रंग पुढच्या वर्षीही देता येतो, खिडक्यांची दिशा मात्र बदलता येत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी या न बदलणाऱ्या भागांवर घालावेत आणि बदलता येणाऱ्या भागांत काटकसर करावी. खरेदीपासून पहिल्या दिवसाच्या सेटिंगपर्यंत हे एकच सूत्र धरलं तरी बहुतेक निर्णय सोपे होतात.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. प्रोसेसरही बदलता येत नाहीच, मग त्यावरच जास्त पैसे का घालू नयेत? आक्षेप रास्त आहे. प्रोसेसर महत्त्वाचा आहेच, पण त्याची कुवत आय-थ्री की आय-सेव्हन यावरून कळत नाही. ती कळते त्याच्या पिढीवरून आणि नावाच्या शेवटी असलेल्या अक्षरावरून. इंटेलचा २०१६चा कोअर आय७-७५००यू दोन कोअरचा होता. २०२२मध्ये आलेल्या कोअर आय३-१२१५यू या ‘धाकट्या’ प्रोसेसरमध्ये सहा कोअर आहेत आणि तो त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. उलट, आय३-एन३०५ हे नाव वाचून तो नेहमीचा आय-थ्री वाटतो, पण त्यातले आठही कोअर वीज वाचवणारे, कमी ताकदीचे आहेत. एएमडीच्या नावांत तर आणखी बारकाईने पाहावं लागतं. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू हा नावाने नवा असला तरी त्याची रचना २०१९मध्ये आलेल्या झेन-टू पिढीची आहे, तर ७५४०यू त्याहून दोन पिढ्या पुढचा आहे. दुकानातल्या पाटीवर मात्र दोन्हीपुढे ‘रायझन-फाइव्ह’ एवढंच लिहिलेलं असू शकतं.

पिढीचं महत्त्व किती, ते विंडोजच्या ताज्या इतिहासाने दाखवून दिलं आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने अट घातली: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप अधिकृत यादीबाहेर राहिले. त्यांतले कित्येक उत्तम चालत होते. रॅम वाढवून, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून लोकांनी ते नव्यासारखे वेगवान केले होते, पण त्या खर्चाने त्यांना यादीत जागा मिळवून दिली नाही. त्यांच्यावर लिनक्स टाकता येतं आणि ते चांगलं चालतं, हे मुद्दाम सांगायला हवं. तरी ज्याचं काम विंडोजवरच चालतं त्याच्यासाठी यंत्राचं आयुष्य न बदलणाऱ्या भागाने ठरवलं. म्हणून चालू पिढीचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर घ्यावा. लेखन, हिशेब, ब्राउझर आणि व्हिडिओ मीटिंग यांना तो पुरून उरतो. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर पडायला जागा कमी असल्याने आय-सेव्हनची जादा ताकद फार वेळ टिकतही नाही. व्हिडिओ संपादन, इंजिनिअरिंगचं त्रिमितीय डिझाइन किंवा गेमिंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नावाच्या शेवटी ‘एच’ असलेला प्रोसेसर आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं.

खरी मेख रॅममध्ये आहे. पूर्वी लॅपटॉपच्या तळाचे चार स्क्रू काढले की रॅमची पट्टी बदलता येत असे. आता अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच पक्की डाखलेली असते. तपशिलाच्या यादीत ‘ऑनबोर्ड’, ‘सोल्डर्ड’ किंवा ‘एलपीडीडीआर’ असे शब्द दिसले, तर आज जितकी रॅम घ्याल तितकीच कायम राहणार, असं समजावं. विक्रेता म्हणतो, आठ जीबी घ्या, पुढे वाढवू. हा सल्ला स्लॉट असेल तरच खरा, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करावी. स्लॉट असला तरी पुढे रॅम स्वस्तच मिळेल असं नाही. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. आठ जीबी पुरत नाही का? आज एखाद्या साध्या कामाला पुरते. पण विंडोज, ब्राउझर आणि मीटिंगचं ॲप मिळून तिचा मोठा भाग व्यापतात, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरच्या चित्रासाठीही याच रॅममधून वाटा जातो. उत्पादकांच्या निर्णयांतूनही दिशा कळते. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ वर्गातल्या यंत्रांसाठी किमान १६ जीबीची अट घातली. ऑक्टोबर २०२४मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची किमान रॅम आठवरून सोळा जीबी केली. पाच-सहा वर्षं वापरायच्या यंत्रात १६ जीबीच्या खाली जाऊ नये.

डाखलेली रॅम म्हणजे ग्राहकाची फसवणूकच, असंही काहीजण म्हणतात. मला ते एकांगी वाटतं. एलपीडीडीआर मेमरी वीज कमी खाते आणि जागाही कमी घेते. बॅटरी जास्त चालते आणि वजन घटतं त्यात तिचा वाटा आहे. रोज लोकलने किंवा एसटीने लॅपटॉप पाठीवर घेऊन जाणाऱ्याला तो फायदा मोलाचा आहे. फक्त अशा यंत्रात ‘पुढे बघू’ ही सोय नसते, हे बिल करण्याआधी माहीत हवं. साठवणुकीचं गणित याच्या उलटं आहे. बहुतेक लॅपटॉपमधली एम.टू एसएसडी नंतर बदलता येते, म्हणून एक टीबीचा मोह सोडून ५१२ जीबी घ्यावी आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. (विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. काही हरवलेलं नसतं.) स्वस्तातल्या काही यंत्रांत एसएसडीऐवजी ईएमएमसी असते. ती मंद असते आणि बोर्डाला डाखलेली असल्याने बदलताही येत नाही. असं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी टाळावं.

पडदा आणि कीबोर्ड यांच्याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जातं, आणि डोळे नि बोटं दिवसभर त्यांच्यावरच असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये उजळपणा २५० निट्स आणि रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी असलेला पडदा सर्रास असतो. खिडकीशेजारी बसलं की तो फिका पडतो आणि फोटोतले रंग मळलेले दिसतात. निदान ३०० निट्स, आयपीएस प्रकार आणि शंभर टक्क्यांच्या जवळपास एसआरजीबी मिळत असेल तर त्यासाठी प्रोसेसरची एक पायरी सोडायला हरकत नाही. शक्य असेल तर १६:१० आकाराचा पडदा घ्यावा. त्यावर मजकुराच्या दोन-चार ओळी जास्त मावतात, आणि नोट्स वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसाकाठी त्याचा फरक जाणवतो. कीबोर्ड कित्येक मॉडेलमध्ये वरच्या कव्हरला रिव्हेट केलेला असतो. चहा सांडून दोन कळा बंद पडल्या तर पूर्ण वरचा भाग बदलायची वेळ येते. बिजागऱ्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतील तर दोन-तीन वर्षांत तिथे तडा जाण्याची भीती असते. यातलं फारसं काही ऑनलाइन पानावर कळत नाही. झाकण एका हाताने उघडून, मधल्या भागावर बोट दाबून, परिच्छेदभर टाइप करून पाहावं लागतं. ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळतं हे खरं आहे. पण जो दुकानदार यंत्र हातात देतो, मॉडेलचा क्रमांक नीट सांगतो आणि उद्या अडचण आली तर समोर असतो, त्याला थोडे जास्त पैसे देणं मला न्याय्य वाटतं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. चांगला पडदा, सोळा जीबी, मजबूत बांधणी हे सगळं पन्नास-साठ हजारांच्या पुढच्यांचं बोलणं झालं, पंचवीस हजारच हातात असणाऱ्या घराने काय करायचं? मोबाइलवर भागवावं, हे उत्तर मला मान्य नाही. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येतं, पण वीस पानांचा प्रकल्प, एक्सेलची शीट किंवा प्रोग्रॅम त्यावर नीट घडत नाही. इथे नूतनीकरण केलेला, म्हणजे ‘रिफर्बिश्ड’, ऑफिसचा लॅपटॉप हा पर्याय पुढे येतो. कंपन्या थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी यंत्रं मोठ्या संख्येने घेतात आणि काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत त्यांचा मोठा बाजार आहे. ही यंत्रं मुळात दुरुस्तीसाठी बांधलेली असतात आणि ती कशी उघडायची, याची सचित्र माहितीपुस्तकं लेनोवो, डेल, एचपी या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. मात्र इथेच ‘आय-सेव्हन’ची पाटी सर्वांत जास्त फसवते. आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर आय-सेव्हनही घेऊ नये. दहाव्या-अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह मिळाला तर उत्तम. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. बॅटरी बदलता येते, म्हणून ती थकलेली असली तर भाव कमी करून घ्यावा, यंत्र नाकारू नये. दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको: बायोसला जुना पासवर्ड नसावा, आणि विंडोज रिसेट करून इंटरनेट जोडल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन मागितलं जाऊ नये. बिलावर यंत्राचा सीरियल नंबर हवाच. नव्या किंवा जुन्या खरेदीत विक्रेत्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही बिलच कामाला येतं.

यंत्र घरी आल्यावरही हेच सूत्र लागू होतं. पहिल्या तासात केलेल्या काही निवडी पुढे बदलणं जड जातं, आणि त्यातली पहिली म्हणजे खातं. विंडोजची होम आवृत्ती सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट खातं मागते. ते जोडलं की अनेक यंत्रांवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि तिचं कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. यंत्र चोरीला गेलं तरी माहिती सुरक्षित राहते, म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण दुकानातल्या मुलाने ‘सगळं सेट करून’ देताना स्वतःचा ईमेल टाकला, तर किल्ली त्याच्या खात्यात जाते. पुढे कधी अपडेटनंतर यंत्राने ती मागितली आणि मिळाली नाही, तर फोटो, प्रकल्प, हिशेब सगळं बंद पेटीत राहतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले विंडोज संगणक अडकले, तेव्हा कित्येक कार्यालयांत दुरुस्ती रेंगाळली ती याच किल्ल्या शोधण्यात. म्हणून सेटअप स्वतः करावा, खातं स्वतःचं टाकावं आणि किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. बाकीची कामं नंतरही होतात. अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढावा, कारण घरच्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला जोडलेला राहणार असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करावी.

मराठीत लिहिणाऱ्याने त्याच दिवशी कीबोर्डही ठरवून टाकावा, कारण बोटांना लागलेलं वळण सहजी सुटत नाही. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो. मे २०१९च्या अपडेटपासून रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणारा मराठी फोनेटिकही मिळतो. कधीतरी चार ओळी लिहायच्या असतील तर फोनेटिक पुरे. रोज लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकण्याचे कष्ट घ्यावेत. त्यात डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजनं आहेत, आणि एकदा जमला की हिंदी, गुजराती, बंगालीच्या कळाही त्याच जागी सापडतात. जुन्या संगणकावरच्या मराठी फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर जुनं यंत्र हातातून जाण्याआधीच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर त्यांतला मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. हे रूपांतर आणि नव्या डिस्कवरची प्रत, दोन्ही उघडून तपासल्यावरच जुनी डिस्क पुसावी.