थेंबभर रक्त आणि चिपवरची प्रयोगशाळा

दसरा उलटला की माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि भोवतालच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे ओझे मनावर वागवीत, पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे रवाना होतात. आणि ज्याच्या बेडक्याचा नमुना परगावी पाठवावा लागला व ज्याचा निकाल हाती यावयास आठवडा गेला, असा मनुष्य तोवर कोणत्या कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहिला असेल, हे सांगणे कोणत्याही सरकारी दफ्तरास कठीणच. क्षयाचे निदान रोग्यादेखत, तासा-दोन तासांत व्हावे ही अपेक्षा या मुलखात म्हणूनच चैनीची ठरत नाही. ज्या सूक्ष्म उपकरणांनी ती काही अंशी पुरी केली, त्यांच्याविषयी मात्र वर्तमानपत्री कौतुकाच्या कृपेने अनेक अपसमज रूढ झाले आहेत.

पहिला समज असा की, चिप म्हणजे सिलिकॉनची आणि विजेच्या मंडलांनी भरलेली वस्तू. वास्तविक, मधुमेही माणूस घरच्या घरी बोट टोचून ज्या पट्टीला रक्त लावतो, त्या पट्टीतील केसासारखी नलिका एका मायक्रोलिटरहूनही कमी रक्त आपोआप ओढून घेते. सूक्ष्म द्रवप्रवाहाचे हे सर्वांत प्रसृत उपकरण प्लॅस्टिकचे असते. सिलिकॉन मागे का पडले, याचे कारण पदार्थविज्ञानात जितके आहे तितकेच हिशेबात आहे. संगणकाची चिप लहान करीत गेले की एका चकतीतून अधिक नग निघतात व भाव उतरतो. परंतु रक्ताची तांबडी पेशीच सात-आठ मायक्रोमीटर रुंद, त्यामुळे तिला वाहून नेणारी नलिका मर्जीप्रमाणे आक्रसता येत नाही, आणि नलिकांनी अडविलेल्या जागेचे मोल सिलिकॉनच्या दराने मोजणे परवडत नाही. काच, प्लॅस्टिक, कागद आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने प्रचारात आणलेले रबरासारखे पारदर्शक सिलिकोन यांनी सिलिकॉनची जागा घेतली ती यामुळे. (सिलिकॉन आणि सिलिकोन हे दोन निराळे पदार्थ होत; मुद्रितशोधकांनी कृपा करून दुसऱ्याचा पहिला करू नये.)

दुसरा समज कारागिरीविषयीचा: की एवढ्या बारीक नलिका आणि छिद्रे एखाद्या अतिसूक्ष्म हत्याराने कोरली जात असावीत. कोरण्याचे काम येथे प्रकाश आणि रसायन करतात. गुळगुळीत चकतीवर प्रकाशास संवेदनशील अशा द्रव्याचा पातळ लेप द्यावयाचा, नकाशा काढलेल्या काचेतून त्यावर अतिनील किरण सोडावयाचे, जेथे प्रकाश पडला (किंवा पडला नाही) तेथला लेप धुऊन काढावयाचा, आणि उघड्या पडलेल्या भागावर आम्ल, अल्कली वा आयनीभूत वायू यांचा मारा करावयाचा, असा हा क्रम आहे. तो ज्या दालनात चालतो तेथला दिवा पिवळा असतो, कारण निळ्या-जांभळ्या प्रकाशाने लेप बिघडतो. आणि उत्तम प्रतीच्या दालनात एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठे असे शंभरावर धूलिकण चालत नाहीत.

रेणू ओळखण्याच्या कामी येणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्राची, म्हणजे नॅनोछिद्राची, कृती याहून रम्य आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचा काही दशनॅनोमीटर जाडीचा पापुद्रा चढवितात आणि मागील बाजूने पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सिलिकॉन खात जातात. स्फटिकाच्या विशिष्ट प्रतलांपाशी हे खाणे मंदावत असल्यामुळे ५४.७ अंशांच्या उतरणीचा, उलट्या पिरॅमिडसारखा खड्डा आपोआप घडतो, आणि त्याच्या तळाशी नायट्राइडचा पापुद्रा तेवढा अधांतरी उरतो. त्यात छिद्र पाडण्यासाठी हार्वर्डच्या मंडळींनी २००१ साली आयनांचा झोत वापरला. २००३ साली नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील पथकाने सिलिकॉन ऑक्साइडमधील मोठे छिद्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या झोताखाली डोळ्यांदेखत आवळत आणले. २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी द्रवात बुडविलेल्या पापुद्र्यावर केवळ विजेचा दाब देऊन छिद्र पाडून दाखविले, तेव्हा लाखमोलाच्या यंत्रांची मातब्बरी पुष्कळच कमी झाली.

असे छिद्र चाळणीचे काम करते हा तिसरा समज. छिद्र येथे पहारेकऱ्यासारखे आहे. कोणालाही न अडविता तो येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो. दोन्ही बाजूंस खारे पाणी ठेवून विद्युत्प्रवाह वाहू दिला, की छिद्रातून जाणारा प्रत्येक रेणू त्या प्रवाहास क्षणभर रोधतो, आणि रोधाच्या प्रमाणावरून व काळावरून रेणूची ओळख पटविता येते. तत्त्व जुनेच: वॉलेस कूल्टर यांना रक्तपेशी मोजण्याच्या याच युक्तीचे पेटंट १९५३ साली मिळाले. डीएनएचा धागा मात्र अवघा दोन नॅनोमीटर जाड, त्यामुळे तो मोजणारे छिद्रही त्याच तोलाचे हवे. १९९६ साली हे प्रथम साधले ते जिवाणूच्या विषातील एका प्रथिनाने. आणि २०१४ पासून संशोधकांच्या हाती आलेल्या, तळहाताएवढ्या मिनायन यंत्रातही डीएनए वाचणारे छिद्र प्रथिनाचेच आहे, सिलिकॉन आहे ते केवळ खालच्या विद्युत्मंडलात. कारण असे की, सिलिकॉन नायट्राइडच्या छिद्रातून धागा मोकळा सुटला तर एकेक अक्षर मायक्रोसेकंदाच्याही अंशात निसटते. प्रथिनाच्या छिद्रावर एक विकर बसवून तो वेग सेकंदास सुमारे चारशे अक्षरांवर आणता येतो. टिकाऊपणात सिलिकॉन वरचढ, वाचनात प्रथिन. हा वाद अद्याप निकालात निघालेला नाही.

हे सारे परदेशीच होते, अशीही एक तक्रार ऐकू येते; ती पुरती खरी नाही. २००६ साली मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरकारी खर्चाने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली, आणि २००८ पासून एका योजनेद्वारे इतर महाविद्यालयांतील संशोधकांनाही ती दालने वापरण्याची मुभा मिळाली. क्षयाच्या तपासणीचे ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो या कंपनीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली.

सर्वांत हट्टी समज उरला आहे: की थेंबभर रक्तात सर्व रोग कळावेत. अमेरिकेतील थेरानोस या कंपनीने याच आश्वासनावर अमाप भांडवल गोळा केले, आणि तिच्या संस्थापिकेस गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल २०२२ साली दोषी ठरविण्यात आले. पण कोणी कितीही प्रामाणिक असला तरी अंकगणिताला वळसा घालता येत नाही. एका मिलिलिटर रक्तात शंभर विषाणू असतील, तर दहा मायक्रोलिटरच्या थेंबात सरासरीने एकच येतो. आणि सरासरी एक म्हणजे दर शंभर थेंबांपैकी सुमारे सदतीसांत एकही नाही. तेथे चिप कितीही कुशल असली तरी जे थेंबातच नाही ते तिला कोठून दिसणार? लहान आकाराचा लाभ अन्यत्र आहे: रेणूला आपोआप पसरून जावयास लागणारा काळ अंतराच्या वर्गाने बदलत असल्याने, अंतर शंभरपटीने घटले की तो काळ दहा हजारपटीने घटतो. सूक्ष्म नलिकांतील रासायनिक क्रिया झपाट्याने उरकतात त्याचे हे एक प्रधान कारण.

कोणते काम चिपवर सोपवावे आणि कोणते नाही, याचा विवेक ट्रूनॅटच्या रचनेत दिसतो. बेडका अर्धा मिलिलिटर घ्यावा लागतो. त्यातून जिवाणूंचा डीएनए वेगळा काढण्याचे काम चिप करीत नाही, त्यासाठी बॅटरीवर चालणारे निराळे यंत्र आहे, आणि त्यातून निघालेल्या द्रवाचे अवघे सहा मायक्रोलिटर चिपवर जातात. रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हे पाहण्यास दुसरी चिप लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावयास मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार असावे लागतात, त्याहून पुष्कळ कमी जंतूंवर हे यंत्र निदान करते. मात्र डबीत छातीतून खोकून काढलेल्या बेडक्याऐवजी नुसती लाळ आली, तर रोग असूनही निकाल नकारार्थी येऊ शकतो. नमुना घेताना रोग्याला दीर्घ श्वास घेऊन खोकावयास सांगणे, हे काम आरोग्य कर्मचाऱ्याकडेच राहते.